उथळ पाण्यातल्या तोफा

सांगलीकराला पाणी फुटांत कळतं. पावसाळा लागला की आयर्विन पुलाखाली किती फूट पाणी आलं, हे घराघरांत विचारलं जातं. चाळीस फूट झालं की खालच्या मजल्यावरचं सामान माळ्यावर जातं, पंचेचाळीस म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा आकडा ऐकण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं.

पण पाणी कमी असण्याचाही एक हिशेब असतो, तो मी लहानपणी नावाड्याकडून शिकलो. एप्रिल-मे महिन्यात कृष्णा आटून वाळूचे पट्टे वर यायचे. नावाडी हातातला बांबू पाण्यात टोचत जायचा आणि मध्येच नाव खरडली की म्हणायचा, "उतरा चारपाच जण." ते चारपाच जण धोतरं सावरत उतरायचे, नाव दोन बोटं वर यायची आणि पुढे सरकायची. माणसं कमी केली तर नाव चालते, माणसं ठेवली तर रुतते. आजचा विषय इतकाच आहे. फक्त नावेवर माणसांऐवजी तोफा ठेवायच्या.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो साताऱ्यात. १९८७ साली माझी बदली तिथल्या शाखेत झाली. सातारा जिल्ह्यातल्या बँकेत ज्याने काउंटर सांभाळलं आहे त्याला नोव्हेंबर महिना विसरता येत नाही. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्त सैनिकांची रांग दारापर्यंत यायची. त्या रांगेत एक हवालदार असत. दुसरं महायुद्ध पाहिलेले, सत्तरीकडे झुकलेले, फेटा नीट बांधलेला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सही झाली तरी ते उठत नसत. एकदा चहा घेता घेता त्यांनी त्यांच्या थोरल्या चुलत्याची गोष्ट सांगितली.

चुलता पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. कुटच्या वेढ्यात होता, एवढंच घरी कळलं. युद्ध संपल्यावर सरकारकडून ताटलीएवढी एक पितळी चकती आली. तिच्यावर बाईचं आणि सिंहाचं चित्र आणि इंग्रजीत चुलत्याचं नाव. ती बरीच वर्षं देवळीत होती. १९७२ च्या दुष्काळात घरातली भांडी मोडीत गेली तेव्हा तीही गेली. आबा हे सांगताना अजिबात गहिवरले नव्हते. "वजन बरं भरलं," एवढं म्हणाले. मग म्हणाले, "सायेब, तुम्ही वाचता म्हणून इचारतो. तोफांच्या बोटी त्या नदीतनं पार वर गेल्या म्हणत्यात. मग दाण्याची बोट का गेली न्हाई?"

मला उत्तर येत नव्हतं. बँकेत उत्तर येत नसलं की आपण "बघून सांगतो" म्हणतो. तसं म्हणालो. बघायला मला पुष्कळ वर्षं लागली.

तोफांच्या बोटींपासूनच सुरुवात करू. शाळेत वर्गाचा मॉनिटर असतो, तो फळ्यावर दंगा करणाऱ्यांची नावं लिहितो. जगातल्या एका सबंध जातीच्या युद्धनौकांचं नाव तेच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६२ साली जॉन एरिक्सन या मूळच्या स्वीडिश इंजिनिअरने उत्तरेच्या बाजूसाठी एक विचित्र लोखंडी बोट बांधली. तिचा तळ सपाट, काठ पाण्याला टेकलेला आणि मधोमध एक गोल फिरता बुरूज, त्यात ११ इंची दोन तोफा. लांबून पाहिलं तर पाण्यावर तरंगणाऱ्या परातीत डबा ठेवावा तशी. शत्रूला ताकीद देणारी म्हणून एरिक्सनने स्वतःच तिचं नाव 'मॉनिटर' सुचवलं. ९ मार्च १८६२ ला तिने दक्षिणेच्या चिलखती बोटीशी चार तास झुंज दिली. दोघींपैकी कुणीच बुडालं नाही, पण जगभरच्या आरमारांतली लाकडी जहाजं त्या दिवशी जुनी झाली.

पण त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ही बोट भर समुद्रात, वादळात, दुसऱ्या जहाजाने ओढून नेत असताना बुडाली. सोळा माणसं गेली. काठ इतका खाली की लाटा थेट वर यायच्या. या जातीच्या बोटीचं सगळं बळ आणि सगळं दुबळेपण त्या एका वर्षात दिसून आलं. उथळ पाण्यात जायचं तर बोटीचा बुडालेला भाग कमी हवा, मग ती सपाट होते, आणि सपाट बोट खोल समुद्राला भिते. वर जड तोफ ठेवली की वेगही जातो. मोठं जहाज किनाऱ्यापासून मैलोगणती दूर उभं राहतं, ही मात्र खाडीत, नदीच्या मुखात, वाळूच्या बांधाजवळ शिरते आणि तिथून किनाऱ्यावरचा किल्ला फोडते.

असल्या दोन बोटी आपल्या मुंबईतही होत्या, हे किती जणांना ठाऊक असेल? 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही त्यांची नावं. दोन्ही १८७० साली लंडनमध्ये बांधून झाल्या आणि मुंबई बंदराच्या रक्षणासाठी इकडे पाठवल्या गेल्या. प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज, प्रत्येक बुरुजात १० इंची दोन तोफा. नावं १८६८ च्या ॲबिसिनियावरच्या मोहिमेची. ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. या बोटींनी मुंबईत तीसेक वर्षं काढली. शत्रू आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विकून टाकल्या. म्हणजे त्याही मोडीतच गेल्या.

खरं तर उथळ पाण्यातल्या युद्धाचं शास्त्र कोकणच्या किनाऱ्याला इंग्रजांकडून शिकायची गरज नव्हती. मराठ्यांचे गुराब आणि गलबतं कमी पाण्यात चालत, खाडीत शिरून दिसेनाशी होत आणि इंग्रजांची खोल बुडाची जहाजं बाहेर ताटकळत. त्या आरमाराच्या प्रमुखाला, कान्होजी आंग्र्यांना, सरखेलपद कायम करणारी गादी आमच्या साताऱ्याची, शाहू महाराजांची. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली. वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं आणि जमिनीवरच्या फौजेबरोबर होता रॉबर्ट क्लाइव्ह. आपलं आरमार आपणच जाळायला मदत केली, हे शाळेच्या पुस्तकात मला तरी कुणी ठसठशीतपणे शिकवलं नाही.

क्लाइव्हचं नाव इथे उगाच काढलेलं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मॉनिटर बोटींचा कारखानाच काढला आणि १२ इंची तोफांच्या एका मालिकेतल्या पहिल्या बोटीचं नाव ठेवलं 'लॉर्ड क्लाइव्ह'. त्याआधीच्या चार बोटींची कथा तर व्यापाऱ्याच्या दुकानात शोभेल अशी आहे. ग्रीसने जर्मनीत एक मोठी युद्धनौका बांधायला टाकली होती आणि तिच्यासाठी १४ इंची तोफा अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कंपनीत तयार होत होत्या. १९१४ ला युद्ध पेटलं, जर्मनीची समुद्रवाट बंद झाली, तोफा पडून राहिल्या. कंपनीच्या मालकाने त्या इंग्रजांना देऊ केल्या. आधी गिऱ्हाइकाने न उचललेला माल, मग त्या मालाला शोभेल अशी पेटी, या क्रमाने काही महिन्यांत चार बोटी उभ्या राहिल्या. आधी त्यांना अमेरिकन सेनानींची नावं दिली होती, पण अमेरिका तेव्हा तटस्थ होती, म्हणून ती बदलून ॲबरक्रॉम्बी, हॅवलॉक, रॅग्लन आणि रॉबर्ट्‌स ठेवली. यातला हॅवलॉक १८५७ चा, रॉबर्ट्‌स काबूल-कंदाहारचा. या बोटींचा वेग इतका कमी की काठावरून जाणारा सायकलवाला त्यांना मागे टाकेल.

पण तोफ किती लांब जायची! २८ सप्टेंबर १९१८ ला 'जनरल वुल्फ' नावाच्या मॉनिटरने १८ इंची तोफेतून बेल्जियममधल्या एका रेल्वे पुलावर मारा केला तो ३६,००० यार्डांवरून. म्हणजे साधारण ३३ किलोमीटर. साताऱ्यात तोफ ठेवून वाईच्या आसपास गोळा टाकावा तसं. मारणाऱ्याला मरणारा दिसायचा प्रश्नच नाही.

आता आबांच्या चुलत्याकडे येतो. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून त्या युद्धात 'सातारा जिल्हा' असं ज्याच्या नावापुढे लागलंय त्याचं गाव आज सांगली जिल्ह्यातही असू शकतं. या मुलखातली पोरं मराठा पलटणींत भरती झाली. त्यांतली ११७ वी पलटण ६ नोव्हेंबर १९१४ च्या मोहिमेत अगदी पहिल्या तुकडीत होती. शत अल-अरबच्या मुखाशी फाओ इथे तुर्कांचा किल्ला होता. 'ओडिन' या छोट्या युद्धनौकेने नदीच्या तोंडात शिरून त्याच्या तोफा बंद पाडल्या आणि पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची ब्रिगेड किनाऱ्यावर उतरली. माणदेशातल्या किंवा कोयनेकाठच्या एखाद्या पोराने जहाजावरची तोफ जमिनीवर डागताना पहिल्यांदा पाहिली ती तिथे. ती आपल्या बाजूची होती, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

तिथून ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. टायग्रिस म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या कृष्णेचीच थोरली बहीण. वळणं घेणारी, गाळाची, कुठे खोल तर कुठे मांडीभर. रस्ते नाहीत, रेल्वे नाही. जे काही न्यायचं ते नदीतून. तोफांसाठी इंग्लंडात खास उथळ बोटी बांधायला टाकल्या होत्या. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कागदोपत्री त्या 'चीनसाठीच्या गनबोटी' होत्या. धाकट्या बोटी सुट्या भागांत आणून अबादानला जोडल्या. त्यांना माश्या आणि किड्यांची नावं. थोरल्या होत्या 'टॅरंट्युला', 'मँटिस', 'मॉथ', 'नॅट'. दोनशे सदतीस फूट लांबीच्या, ६ इंची दोन तोफांच्या, आणि तरीही चार फूट पाण्यात चालणाऱ्या. पंखा पाण्याबाहेर पडू नये म्हणून तळातच बोगदा करून त्यात बसवलेला. कारागिरी म्हणून पाहिलं तर हात जोडावेत अशी.

धाकट्यांपैकी 'फायरफ्लाय', म्हणजे काजवा, सगळ्यांत आधी पोचली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे फौजेचा जोर ओसरला आणि माघार सुरू झाली. १ डिसेंबरला 'फायरफ्लाय'च्या बॉयलरमध्ये गोळा बसला. तिला ओढायला गेलेली 'कॉमेट' गाळात रुतली. दोन्ही सोडून द्याव्या लागल्या. माणसं उतरवून हलकं करायची सोय त्या क्षणी नव्हती. फौज कुटला पोचली आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

पुढचे जवळपास पाच महिने मी फार रंगवून सांगणार नाही. बाहेरून सोडवायला आलेली फौज काही मैलांवर अडली, पुन्हा पुन्हा अडली. आत शिधा कमी होत गेला. घोड्याचं मांस आपल्या लोकांच्या गळ्याखाली उतरेना. ते खायला हरकत नाही असे धर्माधिकाऱ्यांचे निरोप बिनतारी यंत्रावरून मागवले, तरी महिनोन् महिने बहुतेकांनी खाल्लं नाही. गावाला जाऊन हा मांस खाऊन आला असं कुणी म्हणेल, ही भीती उपाशी पोटाला तोफेपेक्षा मोठी वाटत होती. आत धान्य होतं तर दळायला नीट साधन नव्हतं, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं. आकाशातून जातं पडतंय, आणि ते पाहणारा माणूस पाटणचा किंवा विट्याचा आहे.

२४ एप्रिल १९१६ च्या रात्री शेवटचा प्रयत्न झाला. 'जुलनार' नावाच्या आगबोटीवर २७० टन शिधा चढवला आणि ती अंधारात नदीतून वर निघाली. तुर्कांनी मगासिसला नदीच्या आरपार पोलादी तार ताणून ठेवली होती. बोट तिच्यात अडकली. कुट तिथून जमिनीवरून चारेक मैल. बोटीवरच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, शिधा तुर्कांना मिळाला. २९ एप्रिलला कुट पडलं. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि त्यांतली हजारो वाळवंटातल्या चालीत आणि छावण्यांत मेली.

म्हणजे आबांना उत्तर द्यायचं तर "तारेत अडकली" असं देता आलं असतं. ते खोटं नाही. पण ते शेवटच्या रात्रीचं उत्तर झालं. खरं उत्तर त्याच्या आधीच्या वर्षातलं आहे आणि ते १९१७ साली निघालेल्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालात आहे. नदीत चालतील अशा मालवाहू बोटी पुरेशा नव्हत्या. त्यांची मागणी झाली, कागद फिरले, पत्रव्यवहार झाला, वेळ गेला. बसऱ्याला उतरलेले हजारो ताजे सैनिक वर न्यायला बोट नाही म्हणून तिथेच बसून होते. जखमींना उघड्या तराफ्यांवर, घाणीत, दिवसेंदिवस ठेवून खाली आणावं लागलं. त्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. मी आयुष्यभर सँक्शन आणि फाइली पाहिल्या, त्यामुळे या प्रकरणाचा वास मला लगेच ओळखीचा वाटला. तोफ वाहणाऱ्या उथळ बोटीची कल्पना कुणालातरी वेळेवर सुचली होती. पीठ वाहणाऱ्या उथळ बोटीची मागणी टेबलावरून टेबलावर जात राहिली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये 'टॅरंट्युला', 'मँटिस' आणि 'मॉथ' जोरात वर गेल्या, पळणाऱ्या तुर्की फौजेला नदीतून गाठलं आणि त्या धुमाळीत हरवलेली 'फायरफ्लाय' परत मिळवली. ११ मार्चला बगदाद पडलं. आरमाराच्या इतिहासात हे पान मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं आणि तो अभिमान खोटाही नाही. पण काजवा परत मिळाला त्याला कुट पडून दहा महिने झाले होते.

या जातीच्या बोटी तिथे संपल्या नाहीत. १५ इंची तोफांच्या मॉनिटर दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर होत्या, व्हिएतनामात अमेरिकनांनी मेकाँगच्या फाट्यांसाठी पुन्हा छोट्या मॉनिटर काढल्या. आपल्याकडचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. डिसेंबर १९७१ मध्ये मराठी नौदल अधिकारी कमांडर मोहन नारायण सामंत तीन छोट्या बोटी घेऊन मोंगला आणि खुलनाच्या नद्यांत शिरले. एक आपल्या नौदलाची 'पनवेल', दुसऱ्या दोन 'पद्मा' आणि 'पलाश'. या दोन मूळच्या कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या, तोफा बसवून तयार केलेल्या, मुक्तिवाहिनीच्या. १० डिसेंबरला खुलनाजवळ आपल्याच वायुसेनेच्या नॅट विमानांनी त्यांना शत्रूच्या समजून 'पद्मा' आणि 'पलाश' बुडवल्या. टायग्रिसवरच्या एका गनबोटीचं नावही 'नॅट'च होतं. इतिहासाला असले श्लेष सुचतात, आपल्याला हसू येत नाही. 'पनवेल' वाचली, तिने किनाऱ्यावर मारा केला, पाण्यात पडलेली माणसं उचलली. सामंतांना महावीर चक्र मिळालं.

हे सगळं जमवताना माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट मला सोडत नाही. 'फायरफ्लाय' कुठे बांधली, कोणत्या दिवशी गमावली, कोणत्या दिवशी परत मिळाली, सगळं नोंदलेलं आहे. किड्यामाश्यांची नावं बोटींना होती आणि ती राहिली. माणसांचं काय? साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, त्याच्या नावातच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले आणि इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं. आसपासच्या कितीतरी गावांत तसे दगड आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, असा मजकूर असतो. आकडे दोन, नाव एकही नाही. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे, पण तिथल्या फलकांवर भारतीयांपैकी नावं होती ती अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांचे पलटणवार आकडे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनने २०२१ साली आपल्याच चौकशीचा अहवाल काढून हा भेद मान्य केला. बँकेत नावाशिवाय खातं उघडत नाही. मालक न सापडलेली रक्कम सन्ड्री डिपॉझिटमध्ये पडते आणि तपासणीला आलेला प्रत्येक अधिकारी विचारतो, ही कुणाची?

आबा १९९४ ला गेले. मी "बघून सांगतो" म्हटलं होतं, ते सांगायचं राहिलं. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या नातवाला शोधून काढलं. तो पुण्यात नोकरीला आहे. कमिशनच्या नोंदवह्या आता घरबसल्या पाहता येतात आणि पुष्कळ शिपायांची नावं त्यांत आहेत, कुठे कुठे बापाचं नाव आणि गावही. चकतीवरचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून नातवाने ऐकलेलं होतं. ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. तशा नावाचे तिघं सापडले, दोन वेगवेगळ्या पलटणींतले, तिघांचे बाप वेगळे, तिघांचा जिल्हा सातारा. यातला आपला कोणता, हे ठरवायला खापरपणजोबांचं नाव हवं. नातवाला ते माहीत नव्हतं. गावी जमिनीचे जुने फेरफार आहेत, तलाठ्याला भेटून काढतो म्हणाला. परवा त्याचा फोन आला होता, तलाठी रजेवर आहे, पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय.